फ्लेक्स उतरवा, वही घ्या

पत्र

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी क्रीडाशिक्षक आहे. स्वतः मल्लखांब खेळलो. जिम्नॅस्टिक्स मात्र पुस्तकं आणि मोबाइल बघूनच शिकलो. शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये माझ्याकडं नऊ मुलं आणि चार मुली येतात. त्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलाची, आणि त्याचा प्रशिक्षक म्हणून माझी, परदेशातल्या दहा दिवसांच्या शिबिरासाठी निवड झाली आहे. तिथं मुलांसोबत प्रशिक्षकांनाही शिकवतात म्हणे. संस्थेनं एसटी स्टँडसमोर आमच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावलाय. सचिव म्हणतात, "येताना डबल सॉल्टो घेऊनच या." म्हणजे हवेतल्या हवेत दोन कोलांट्या. मुलाचे वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. ते विचारतात, याचं पुढं नोकरीला काही होईल का. माझं इंग्रजी यथातथाच. आमच्याकडं ना पॉमेल हॉर्स (वर दोन मुठी असलेला घोडा), ना रिंग्ज. चारचौघांत हसू होईल अशी भीती वाटते. जायला अजून दोन महिने आहेत. तोवर मुलाची तयारी कशी करून घेऊ? आणि दहा दिवसांत जास्तीत जास्त कसं पदरात पाडून घ्यावं? सध्या सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास घेतो. थोडा कडक आहे, वेळेला छडीही घेतो. हल्ली मनगट दुखतं म्हणतो, पण कामाला लागला की विसरतो.

— एक क्रीडाशिक्षक

उत्तर

सर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून खूश झालो. आपल्याकडच्या पत्र्याच्या हॉलातलं लेकरू विमानात बसणार म्हटल्यावर कोण होणार नाही? दुसऱ्यांदा वाचताना मात्र शेवटच्या ओळीला अडखळलो. निवड, फ्लेक्स, सचिव, इंग्रजी यांना तुम्ही पानभर जागा दिलीत आणि मनगटाला एक ओळ. मी उलटं करणार आहे.

ते लेकरू विसरत नाही, सर. तुम्हाला सांगायचं सोडून देतं.

बारा वर्षांच्या मुलाच्या हाडाला टोकाजवळ वाढीची पट्टी असते. ती कूर्चेची, मऊ असते आणि हाड तिथूनच लांब होतं. वाढत्या वयात ही पट्टी सांध्याभोवतीच्या बंधांपेक्षाही नाजूक असते. म्हणून ज्या झटक्यानं तुमचा-माझा सांधा नुसता मुरगळेल, त्याच झटक्यानं लेकराची ती पट्टी दुखावते. आपल्या खेळात तर हातांकडून पायांचं काम करून घ्यायचं असतं. राउंड-ऑफ, फ्लिक-फ्लॅक (हातांवरून मागं घेतलेली उडी), हँडस्टँड, पॉमेलवरची सर्कल, या सगळ्यांचा दणका मनगटात उतरतो, आणि त्यातला मोठा वाटा अंगठ्याच्या बाजूचं हाड, म्हणजे रेडियस, सोसतं. डॉक्टरांनी या दुखण्याला नावच 'जिम्नॅस्ट रिस्ट' असं दिलंय. वेळीच विसावा दिला तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. नाही दिला तर ती पट्टी वेळेआधी मिटू शकते. मग रेडियस वाढायचं थांबतं, शेजारचं अल्ना वाढतच राहतं आणि मनगट जन्माचं दुखरं होऊन बसतं.

उद्या सकाळी त्याला समोर बसवा. मनगटाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, बोटानं हलकं दाबा. दोन्ही हातांना दाबून बघा आणि त्याच्या तोंडाकडं लक्ष ठेवा. मग तळवे जमिनीला टेकवून थोडा भार द्यायला सांगा. कळ आली तर हाडांच्या डॉक्टरांकडं न्या आणि हा हातांवर उड्या मारणारा खेळाडू आहे हे आवर्जून सांगा. नाहीतर क्रेप बँडेज आणि पाच दिवसांच्या गोळ्या एवढ्यावर भागवलं जाईल. डॉक्टर हो म्हणेपर्यंत हातावर भार पूर्ण बंद ठेवा. पोटाचे, पाठीचे, पायांचे व्यायाम, लवचिकता, उडी मारून जमिनीवर नीट उतरणं, हे सगळं तोवर चालू राहू द्या. त्यातच दोन महिने गेले तरी काही बिघडत नाही.

एवढं तावातावानं लिहितोय, कारण हा धडा मी दुसऱ्याच्या हातावर शिकलो. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडं एक मुलगा होता. राज्य शालेय स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती आणि तो मनगटाला रुमाल बांधून यायचा. मी विचारलं, तो म्हणाला, "काही नाही सर." मला तेच ऐकायचं होतं. पदक मिळालं. आज तो चाळिशीला आलाय, चांगल्या नोकरीत आहे आणि उजव्या हातानं पाण्याची बादली उचलत नाही. लग्नाकार्यात भेटला की पाया पडतो. तो वाकला की मी दुसरीकडं बघतो.

आता डबल सॉल्टो.

सचिवांना माझा नमस्कार सांगा आणि हे गणितही सांगा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणं पुरुष गटात उतरायला ज्या वर्षी अठरा पूर्ण होतात ते वर्ष उजाडावं लागतं. मुलींना सोळा चालतात, मुलांना अठरा. म्हणजे तुमच्या पोराला अजून सहा वर्षं आहेत. २००६ पासून गुण दोन खात्यांत मोडतात, एक अवघडपणाचं आणि एक सफाईचं. सफाईचं खातं दहापासून सुरू होतं आणि चुकांनुसार कापत जातं. लहान चुकीला ०.१, मध्यमला ०.३, मोठीला ०.५ आणि पडलात तर सरळ १ गुण. डबल सॉल्टोनं अवघडपणाच्या खात्यात पडतात ते काही दशांश. गुडघे फाकवून, पाठीत वाकून, कसंबसं जमिनीवर आदळून केलेला सॉल्टो जेवढं आणतो त्याहून जास्त घेऊन जातो. वर घोट्याचं आणि टाचेचं बिल वेगळं.

मुलांच्या खेळाचं वय मुळातच उशिरा येतं. त्यांना सहा साधनं असतात: फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझाँटल बार. त्यातल्या निम्म्यांना खांद्या-दंडाची जी ताकद लागते ती वयात आल्यावरच येते. त्याआधी रिंग्जवर दोन्ही हात आडवे पसरून क्रॉस धरायला लावणं म्हणजे कैरीला पिळून आमरस काढणं. जपानचा कोहेई उचिमुरा २००९ साली पहिल्यांदा सर्वसाधारण, म्हणजे सहाही साधनं मिळून, जगज्जेता झाला तेव्हा वीस वर्षांचा होता. २०१६ ला रिओत त्यानं दुसरं ऑलिंपिक सर्वसाधारण सुवर्ण घेतलं तेव्हा सत्तावीस. बाराव्या वर्षी कोणाला काय येत होतं, हे पुढं कोणी विचारत नाही.

अजून एक सांगून ठेवतो. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत हा मुलगा भराभर उंच होईल. मुलांची उंची बहुधा तेरा-चौदाच्या आसपास झपाट्यानं वाढते. हातपाय लांबतात, पण डोक्यातला अंदाज जुन्याच मापाचा राहतो. काल येणारी गोष्ट आज येईनाशी होते. त्या काळात आपण मास्तर लोक पोरावर खेकसतो, "आळशी झालायस, लक्ष नाही तुझं." पोराला स्वतःलाही तसंच वाटायला लागतं, आणि आपल्याकडची कितीतरी चांगली मुलं नेमकी तेव्हाच हॉल सोडून जातात. त्याला आत्ताच सांगून ठेवा की असं होणार आहे आणि ते चार-सहा महिन्यांत निवळतं.

तर शिबिरातून काय आणायचं? माझं मत ऐकून तुम्हाला नवल वाटेल. त्या दहा दिवसांत मुलानं एकही नवी उडी शिकली नाही तरी मला चालेल. दहा दिवसांत जे शिकवता येतं ते दहा दिवसांत विसरतंही. शिबिराला खरे विद्यार्थी म्हणून तुम्ही चालला आहात. मुलगा सोबत लागतो तो यासाठी, की शिकवणारा तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्याच लेकरावर हात ठेवून दाखवतो. १८८१ साली सुरू झालेल्या जागतिक महासंघानं वयोगटानुसार शिकवण्याचा आराखडा केलाय, प्रशिक्षकांसाठी तीन पातळ्यांच्या अकादमी चालवल्यात, त्यामागचा विचार हाच: एक मुलगा तयार केला तर एकच तयार होतो, एक मास्तर तयार केला तर त्याच्या हॉलातली सगळी पोरं सुधारतात.

मी स्वतः अशा एका शिबिराला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. माझ्या मुलाला फ्लिक-फ्लॅक येत होता, मी ताठ मानेनं गेलो. पहिल्या सकाळी तिथल्या शिक्षकानं सगळ्या मुलांना भिंतीकडं पोट करून हँडस्टँडला उभं केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, चाळीस मिनिटं झाली तरी हँडस्टँडच. मला वाटलं, एवढ्या लांब बोलावून हे काय पहिलीचे पाढे म्हणून घेतायत? मग तो माझ्या मुलापाशी आला. मुलाची पाठ केळ्यासारखी वाकली होती. तो काही बोलला नाही. दोन बोटांनी पोराच्या खालच्या फासळ्या आत लोटल्या, दुसऱ्या हातानं खांदे कानाकडं ढकलायला लावले, आणि ते लेकरू काठीसारखं सरळ झालं. सहा वर्षं मी त्या मुलावर "सरळ! सरळ!" असा ओरडत होतो. कुठून सरळ, हे मलाच माहीत नव्हतं.

ती दोन बोटं कुठं ठेवायची, हे घेऊन या.

त्यासाठी शंभरपानी वही न्या. मोबाइल असू द्या, पण व्हिडिओत पोरगं दिसतं, शिकवणारा चौकटीबाहेर राहतो. वहीत त्याचीच नोंद ठेवा. तो उभा कुठं राहिला? हात कधी लावला, कधी काढून घेतला? ही गोष्ट शिकवायच्या आधी कोणती शिकवली होती, आणि त्याच्याही आधी कोणती? जमलं नाही तेव्हा मागं किती पायऱ्या गेला? किती वेळा करून घेतलं आणि कुठं थांबवलं? काड्यांची माणसं काढा, चित्र वाईट आलं तरी चालतं. रात्री जेवणानंतर अर्धा तास बसून ते मराठीत नीट उतरवा. पाठीला अंथरूण लागायच्या आत उतरवलं नाही तर सकाळी काड्यांचा अर्थ लागत नाही, अनुभव आहे.

दुसऱ्यांच्या मुलांचं चित्रीकरण करायचं असेल तर आधी विचारा, आणि ते व्हॉट्सअॅप स्टेटसला लावू नका.

इंग्रजीची काळजी सोडा. या खेळाचे निम्मे शब्द तुम्हाला येतात: टक, पाइक, स्ट्रॅडल, किप, जायंट, होलो, आर्च. आशियातून येणारे बरेच प्रशिक्षक तुमच्यासारखंच मोडकं इंग्रजी बोलतात. कळलं नाही तर उठून स्वतः करून दाखवा आणि हातानं विचारा, असं का? मैदानावरच्या माणसाला हे कळतं. मुलासाठी मात्र 'दुखतंय', 'भीती वाटते', 'पाणी हवंय' आणि 'थांबा' एवढं इंग्रजीत पाठ करून घ्या. आणि ते म्हटल्याबद्दल तुम्ही रागावणार नाही, हेही त्याला आधी सांगा.

हसू होण्याबद्दल. फिलिपिन्सच्या कार्लोस युलोनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्लोअर आणि व्हॉल्टची दोन सुवर्णं जिंकली. त्या देशात या खेळाची मोठी परंपरा वगैरे काही नव्हती. मुनेहिरो कुगिमिया या जपानी प्रशिक्षकाच्या हाताखाली तो पोरवयापासून घडला आणि त्याच्याच मागं जपानला जाऊन राहिला. आपली दीपा कर्माकर आगरतळ्याची. तिचे तळपाय सपाट होते, उडी मारणाऱ्याला ती मोठी अडचण. बिश्वेश्वर नंदी सरांनी आधी त्या पायांवर मेहनत घेतली, आणि त्याच सरांबरोबर ती २०१६ ला रिओच्या व्हॉल्ट अंतिम फेरीत १५.०६६ गुणांपर्यंत गेली. कांस्य ०.१५० नं हुकलं. आगरतळा दिल्लीपासून परभणीपेक्षाही लांब आहे. शिबिरात तुमच्यासारखेच लोक येतात, सर. साधनांनी भरलेल्या हॉलातून आलेल्याला तिथं शिकण्यासारखं कमी असतं.

आणि मल्लखांबाची लाज तर मुळीच बाळगू नका. दसरंग, हा मल्लखांबावरचा उलटा डाव, करणारं पोरगं उलटं झाल्यावर बावचळत नाही, त्याची पोटाची पकड तयार असते. ही तुमची शिल्लक आहे. फक्त एक गोष्ट उलटी करावी लागते, आणि ती नीट ध्यानात घ्या. मल्लखांब अंग लाकडाला चिकटवायला शिकवतो. अढी घातली की मांड्या आवळायच्या, गुडघा वाकवायचा, छाती लाकडाजवळ. जिम्नॅस्टिक्समध्ये साधन दूर ढकलायचं असतं: कोपर सरळ, खांदे लांब, गुडघे मिटलेले, पायाचे चवडे ताणलेले. आपली मल्लखांबातली मुलं पॅरलल बारला आली की खांद्यात बसतात, मान कासवासारखी आत जाते. एकाला एरंडेल लागतं, दुसऱ्याला मॅग्नेशियमची पावडर, तेवढाच फरक स्वभावातही आहे. मनगट बरं झाल्यावर दोन समांतर बारवर नुसतं सरळ हातांनी तोलून उभं राहणं आणि खांदे खाली ढकलणं, हे रोज करून घ्या. शिबिरातल्या पहिल्याच दिवशी तुमच्या लक्षात येईल का ते.

पॉमेल नाही म्हणता. लहान मुलांना पॉमेल कोणीही पहिल्या दिवशी देत नाही. आधी घुमटासारखा 'मशरूम' देतात. ट्रॅक्टरचं नको, टेम्पोचं जुनं टायर घ्या. वर जाड प्लायवूड, त्यावर फोम आणि रेक्झीन ठोकून घ्या, गावातला सीटकव्हरवाला एका दुपारी करून देईल. त्याच्याही आधी छताच्या अँगलला दोरी बांधून प्लॅस्टिकची बादली लोंबकळती सोडा. पोराचे पाय बादलीत, हात जमिनीवर, आणि गोल फिरायचं. जगभरच्या हॉलात ही बादली आहे. अँगल वजन पेलतो का ते आधी वेल्डरला विचारा, स्वतः लटकून बघा. कापसाच्या गाद्यांवर उड्या घेता असं मी गृहीत धरतो. दोन गाद्यांच्या फटीत पाय अडकून जेवढे घोटे जातात तेवढे उडी चुकून जात नाहीत. वरून एक सलग ताडपत्री किंवा सतरंजी घट्ट ताणून बांधा.

चार तास जास्त आहेत. वाढत्या अंगाला अडीच तास पुरतात, आठवड्यातून पाच दिवस, बाकी पूर्ण सुट्टी. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपार नकोच.

छडीबद्दल मी मवाळ लिहिणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या कलम १७ नं शाळेत मुलाला मारायला बंदी आहे. ही झाली कायद्याची बाजू. खेळाची बाजू त्याहून कडक आहे. हवेत उलटं असलेलं लेकरू मास्तरच्या भीतीनं बिचकलं तर डोक्यावर पडतं. आणि छडीला घाबरणारं लेकरूच "मनगट दुखतं" हे एकदाच सांगून गप्प बसतं. तुमच्या पत्रातली ती दोन वाक्यं शेजारीशेजारी आलीत, तुमच्या लक्षात आलं नसेल. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाच्या लॅरी नासर नावाच्या डॉक्टरला २०१८ साली शिक्षा झाली. शेकडो मुलींवर त्यानं वर्षानुवर्षं अत्याचार केले होते. काहींनी आधी सांगूनही पाहिलं होतं, मोठ्यांनी ऐकलं नव्हतं. तेव्हापासून जगभर या खेळात मूल काय बोलतं याकडं कान टवकारलेले आहेत. शिबिरात तुम्ही हात उगारलात तर परतीचं तिकीट तिथंच हातात पडेल. लवचिकतेसाठी पोराच्या पाठीवर बसणं, स्प्लिटमध्ये खांदे दाबणं हेही तसंच. आमच्या पिढीनं हे सगळं केलंय, म्हणून सांगतोय.

याच ओघात: राहायची सोय काय आहे ते आयोजकांना आधीच लिहून विचारा. एका खोलीत फक्त तुम्ही आणि तो, अशी व्यवस्था नको. मुलं मुलांबरोबर, मोठे मोठ्यांबरोबर. यात त्याचं रक्षण आहे, तुमचंही आहे. त्याच्या आईशी रोज ठरल्या वेळी फोनवर बोलणं करून द्या आणि तेव्हा तुम्ही दोन पावलं लांब उभे राहा.

वडिलांना खरं सांगा. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण आहेत, पण ते स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतात. शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायला चांगलं. त्या माणसानं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून पोराला हॉलात पाठवलंय, त्याला खोटी आशा दाखवू नका. पदरचा खर्च काय येणार तोही आजच कागदावर मांडून दाखवा, निघायच्या आदल्या रात्री नको. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टला आई-वडील दोघांच्या सहीचं घोषणापत्र लागतं, परिशिष्ट डी म्हणतात त्याला. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं निर्गम रजिस्टर यातली नाव-तारीख एकसारखी आहे का ते आधी ताडून बघा. आपल्याकडं काम अडतं ते तिथंच. तारीख जुळत नसेल तर खरी तारीख असेल तीच दुरुस्त करून घ्या. वयात इकडंतिकडं करायचा सल्ला कोणी दिलाच तर तो माणूस तुमचा नाही.

फ्लेक्स. तेवढा उतरवा. येता-जाता स्टँडवर स्वतःचा फोटो बघणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला आपण आधीच जिंकलोय असं वाटतं, किंवा आता हरलो तर काय, असं वाटतं. दोन्ही गोष्टी हातांना वाईट. सचिव ऐकणार नसतील तर वाऱ्या-वावधानाचे दिवस आहेत, एखादी दोरी सैल असू शकते. मी काही सुचवलं नाही.

राहिलेल्या आठ मुलांना आणि चार मुलींना दहा दिवस सुट्टी देऊ नका. त्यातल्या मोठ्या मुलीकडं किल्ली आणि कागदावर लिहिलेला रोजचा कार्यक्रम द्या, शाळेतले एखादे शिक्षक किंवा बाई हॉलात बसतील असं बघा. त्या काळात फक्त जमिनीवरचं काम, उलटी उडी एकही नाही. परत आल्यावर ती वही आधी त्यांच्यापुढं उघडा. शिबिर मुलांचं आहे, पण भिंतीचा हँडस्टँड आणि मनगटाची काळजी मुलींना तेवढीच लागते, आणि त्यांना असं बोलावणं कधी येईल सांगता येत नाही.

सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ घ्या. परक्या जागी पहिले दोन दिवस लेकरं जेवत नाहीत आणि उपाशी पोटी हात सुटतो. चटणीचा डबा सामानाच्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको.

शेवटचं काम आजच करा. हॉलच्या भिंतीला त्याला अनवाणी, टाचा टेकवून उभं करा, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून पेन्सिलीनं रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. मग बाकावर बसवून बसल्या उंचीचीही रेघ मारा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हेच. तीन महिन्यांच्या रेघांचे आकडे आणि डॉक्टरांनी मनगटाचा एक्स-रे काढला तर त्याचा अहवाल मला पाठवा, मग पुढच्या वर्षाचा सराव बसून ठरवू.

तुमचा,
एक निवृत्त प्रशिक्षक